तो आमचाच विद्यार्थी

महाविद्यालयाला आपल्या विद्यार्थ्याची आठवण दोनदा होते. एकदा फी थकली की, आणि दुसऱ्यांदा नॅकची समिती यायची ठरली की. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत तो कुठे असतो, काय करतो, खातो-पितो का, याची चौकशी फक्त विमा एजंट करतात. आणि तेही बहुतेक वेळा त्याचेच वर्गमित्र असतात.

नॅक ही बंगळूरूची संस्था १९९४ साली स्थापन झाली. महाविद्यालयांना दर्जा देणं हे तिचं काम. पण जाता जाता तिनं एक मोठं सामाजिक कार्य केलं : उभ्या महाराष्ट्रातल्या संस्थाचालकांना आपली जुनी पोरं आठवायला लावली. नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ आहे का, असा प्रश्न तिच्या प्रश्नावलीत आला. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला, की या माजी विद्यार्थ्यांनी वर्षभरात किती लाख दिले? त्याच्या पायऱ्याही ठरलेल्या होत्या. पाच लाखांच्या वर म्हणजे उत्तम, एक लाखाच्या आत म्हणजे तळाला. लग्नातल्या आहेराच्या वहीनंतर आपल्याकडे माया मोजायचं इतकं नेमकं माप दुसरं निघालं नव्हतं.

तर तारीख लागली की प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक बसते. पोहे येतात, चहा येतो, आणि ‘आपले कोण कोण मोठे झाले हो?’ हा प्रश्न येतो. उत्तर कुणालाच ठाऊक नसतं. जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख असते, जात असते, मागची शाळा असते, सोडल्याचं कारण असतं. सोडल्यावर काय झालं, हा रकानाच नसतो. मग शिपाईमामांना बोलावतात. मामांना सगळं तोंडपाठ. “तो देशमुखाचा धाकटा, मागच्या भिंतीवरून उडी मारून मॅटिनीला जायचा बघा, तो आता पुण्यात हाडांचा डॉक्टर आहे.” प्राचार्य लिहून घेतात : अस्थिरोगतज्ज्ञ. भिंत वगळतात.

अशा रीतीने यादी तयार होते आणि तिचा क्रम सगळीकडे सारखाच असतो. पहिला मान सरकारी अधिकाऱ्याला, कारण त्याची सही कधी लागेल सांगता येत नाही. दुसरा बांधकाम व्यावसायिकाला, कारण वसतिगृहाचा स्लॅब गळतो आहे. तिसरा अमेरिकेतल्याला. तो येणार नसतोच, पण त्याच्या गावाचं नाव पत्रिकेवर चांगलं दिसतं. चौथा मालिकेतल्या नटाला. त्यानं आपल्याकडे एकच सत्र काढलं आणि परीक्षेआधी पळ काढला, तरी चेहरा आपलाच. आणि पाचवा मान समाजसेवकाला. तो यादीत असावाच लागतो, नाहीतर यादी सत्काराची न वाटता वसुलीची वाटते.

यात विद्यापीठात पहिली आलेली मुलगी कुठे आहे, असं कुणी भोळेपणानं विचारलं तर उत्तर आहे. तिचं नाव कार्यालयाबाहेरच्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि ती स्वतः त्याच फलकाखालून रोज ये-जा करते, कारण ती इथेच तासिका तत्त्वावर शिकवते. कार्यक्रमाचं सूत्रसंचालन तिच्याकडेच आहे. सत्कारामुळे त्या दिवशी तास होत नाहीत, आणि तास नाही तर त्याचं मानधनही नाही. म्हणजे ज्या दिवशी महाविद्यालय गुणवंतांचा गौरव करतं, त्या दिवशी घरातली गुणवंत बिनपगारी असते.

यादीतल्या मंडळींना मग फॉर्म जातो. दोन पासपोर्ट फोटो, शिक्षण, पदे, पुरस्कार आणि ‘परिचय, सुमारे तीनशे शब्दांत’. हा परिचय ज्याचा त्यानं लिहायचा असतो, पण तिसऱ्या पुरुषात. भली भली माणसं या ठिकाणी खुलतात. मराठीच्या पेपरात निबंधाला पान उलटलं नाही असे गडी स्वतःवर सलग चार पानं लिहून पाठवतात. ‘अत्यंत मितभाषी’ अशी सुरुवात असते. ‘प्रसिद्धिपराङ्मुख व्यक्तिमत्त्व’ हे हमखास असतं आणि त्याला वर्तमानपत्रांच्या कात्रणांचा गठ्ठा जोडलेला असतो. बालपण तर एकजात हलाखीचं. कारखान्याच्या चेअरमनचा मुलगासुद्धा परिचयात अनवाणी कॉलेजला येतो. मागून वडिलांची जीप यायची, पण ती तीनशे शब्दांत बसत नाही.

सन्मानपत्राचं गद्य वेगळं. ते कॉम्प्युटरमध्ये आधीच असतं, नाव तेवढं बदलायचं. ‘आपल्या कर्तृत्वाचा परिमळ दिगंतात दरवळत असून’ इथपर्यंत सगळे सुखरूप पोचतात. घोटाळा पुढे होतो. मी पाहिलेल्या एका सोहळ्यात हाडांच्या डॉक्टरांना ‘आपण उभारलेल्या पुलांवरून आज हजारोंची वाहतूक सुरळीत सुरू आहे’ असं ऐकावं लागलं. ते पल्याडच्या खुर्चीतल्या इंजिनिअरचं होतं. इंजिनिअर अस्वस्थ झाले, कारण आता पुढे आपल्या वाट्याला काय येणार, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

प्रत्यक्ष दिवशी सकाळी दहाचा कार्यक्रम पावणेबाराला ‘अगदी थोड्याच वेळात’ सुरू होतो. समई पेटत नाही. पंखा बंद करा, पंखा बंद करा, असा गजर होतो. पंख्याचं बटण नेमकं कुठलं, हे सगळ्यांना एकेक दाबून पाहावं लागतं, आणि त्यात माईक बंद होतो. स्वागतगीत होतं. पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्याची पद्धत आता मागे पडली आहे, कारण आपण पुस्तकांची संस्कृती रुजवत आहोत. म्हणून पुस्तक देतात. ते संस्थेतल्याच एका प्राध्यापकांनी लिहिलेलं असतं आणि त्याच्या भरपूर प्रती भांडाराच्या खोलीत आहेत. संस्कृती आणि साठा, दोन्हींचं काम एका वेळी होतं.

रंगमंचाच्या मागे त्या वेळी खरा कार्यक्रम चाललेला असतो. सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडम दोन परिचयांच्या मधल्या मिनिटात विंगेत येतात आणि शालींच्या प्लास्टिक पिशव्यांवरचं किमतीचं लेबल नखानं खरवडतात. लेबल अर्धंच निघतं. रुपयाचं चिन्ह जातं, आकडा राहतो. एनएसएसचा एक मुलगा स्मृतिचिन्हं क्रमानं लावतो. ॲक्रिलिकच्या एका चौकोनावर नवं नाव थोडं वर आलेलं दिसतं. बोट फिरवलं की कळतं, खाली गेल्या वर्षीचं नाव आहे. गेल्या वर्षीचे पाहुणे ऐन वेळी आले नव्हते.

शाल पांघरण्याचाही एक विधी आहे. मे महिना असला तरी शाल लोकरीचीच. ती खांद्यावर पडली की अध्यक्ष एक टोक धरून थांबतात, सत्कारमूर्ती दुसरं टोक धरून थांबतात, श्रीफळ मध्ये, आणि सगळे मिळून कॅमेऱ्याकडे बघतात. फोटोग्राफर म्हणतो, “सर, परत एकदा द्या.” मग दिलेला नारळ परत घेऊन पुन्हा दिला जातो. महाराष्ट्रात इतक्या वेळा आणि इतक्या आनंदानं परत घेतली जाणारी दुसरी वस्तू नसेल.

या गर्दीत जुन्या सरांची मात्र पंचाईत होते. ज्याला ‘ए गाढवा’ म्हणून फळ्यापाशी उभं केलं, तो आता लाल दिव्याच्या काळातून आलेला अधिकारी. त्याला ‘अरे’ म्हणावं तर बरोबरचा शिपाई दचकतो, ‘आपण’ म्हणावं तर स्वतःचीच जीभ अडखळते. सर मग कर्त्यालाच रजा देतात. “केव्हा येणं झालं? चहा घेणं झालं का? मुक्काम करणं आहे की लगेच निघणं आहे?” साहेबांनाही तीच अडचण. तेही म्हणतात, “हो, घेणं झालं.” दोघं दहा मिनिटं अशा गप्पा मारतात, आणि त्या गप्पांत माणूस एकही नसतो.

मग मनोगतं. सत्काराला उत्तर देणारा प्रत्येक जण सांगतो, की मी शेवटच्या बाकावर बसायचो. आजवर ऐकलेली सगळी मनोगतं खरी धरली, तर महाराष्ट्रातल्या वर्गांत शेवटचाच बाक तेवढा होता आणि पुढे नुसतं मोकळं मैदान. पहिल्या बाकावर बसायचो, रोज टिपणं काढायचो, असं छातीठोकपणे सांगणारा सत्कारमूर्ती अजून जन्माला यायचा आहे. सर टाळ्या वाजवतात. आपण शिकवत असताना जो ऐकत नव्हता तोच पुढे गेला, यात आपल्या शिकवण्याबद्दल काहीतरी म्हटलं गेलं आहे, हे त्यांना रात्री घरी जेवताना जाणवतं.

पण प्राचार्यांची पाळी आली की ते एकच वाक्य ठासून म्हणतात : “तो आमचाच विद्यार्थी.” आणि या बाबतीत आपल्या महाविद्यालयांचा इतिहास फार उज्ज्वल आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि पहिले बी.ए. १८६२ साली बाहेर पडले. किती? चार. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. अख्खा माजी विद्यार्थी संघ एका बाकावर मावत होता, आणि तोही शेवटचा नव्हे. त्यातले एक हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि एक त्याच विद्यापीठाचे कुलगुरू. इतकी टक्केवारी नॅकनं बघितली असती तर समिती फराळ न करता श्रेणी देऊन गेली असती. पण याच रानड्यांनी एल्फिन्स्टनमध्ये असताना एका निबंधात इंग्रजी राज्यापेक्षा मराठी राज्याची बाजू वरचढ धरली, आणि प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. निबंध चांगला होता, ही तक्रार नव्हती. तो पटण्यासारखा होता, ही होती.

टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष व्यायामाला आणि पोहण्याला दिलं. तब्येत कमावली, अभ्यास राहिला. हजेरीपटाच्या दृष्टीनं पाहता हा पालकांना बोलावून घेण्याचा मामला होता. सावरकरांचं तर ठळकच आहे. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, आणि त्यापायी फर्ग्युसननं त्यांना दहा रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. त्याच वसतिगृहातली सावरकरांची खोली आज स्मारक म्हणून जपून ठेवलेली आहे. विद्यार्थ्याला बाहेर काढायचं आणि खोली आत ठेवायची, हे फक्त शिक्षणसंस्थेलाच जमतं. राजकारण बाजूला ठेवून प्राचार्यांनी यातून एवढाच बोध घ्यावा, की कुणालाही काढताना खोली क्रमांक नीट लिहून ठेवावा.

गौरव करावा तर कसा, याचाही दाखला आहे, पण तो न्यू यॉर्कचा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९५२ च्या जूनमध्ये कोलंबियानं त्यांना बोलावून एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. भारताच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करण्याच्या कामाबद्दल ती होती. आपल्याकडे कूपनलिकेचं उद्घाटन केलेल्या माणसाचा परिचय चार पानांचा होतो. पानं वाढत जातात तसं काम कमी असावं, असा एक अंदाज बांधायला हरकत नाही.

आता पैशाकडे येऊ, कारण कार्यक्रमही पोहे संपल्यावर तिकडेच येतो.

नंदन निलेकणी १९७३ साली मुंबईच्या आयआयटीत दाखल झाले. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून २०२३ साली त्यांनी संस्थेला ३१५ कोटी दिले. आधीचे ८५ धरून चारशे कोटी. २०२५ साली मुकेश अंबानींनी आयसीटीला, म्हणजे जुन्या यूडीसीटीला, १५१ कोटी जाहीर केले, तेही विनाअट. निमित्त होतं प्रा. मनमोहन शर्मा यांच्या चरित्राच्या प्रकाशनाचं, आणि कारण काय, तर शर्मा सरांनी संस्थेसाठी काहीतरी करायला सांगितलं. गुरूनं सांगावं आणि शिष्यानं करावं! ही बातमी आली त्या दिवशी तालुक्यातालुक्यातल्या प्राध्यापकांनी आपापल्या जुन्या विद्यार्थ्यांना ‘सुप्रभात’चे निरोप पाठवले. आज्ञा तर आम्हीही पाळली होती. सर म्हणाले, वर्गाबाहेर जा. आम्ही गेलो. पाळण्यात कसूर नव्हती, आज्ञाच स्वस्तातली निघाली.

साध्या महाविद्यालयांचा हिशेब वेगळा असतो. बॅच जमते, व्हॉट्सॲपवर चार महिने चर्चा होते, आणि शेवटी थंड पाण्याचं यंत्र दिलं जातं. त्यावर देणाऱ्यांची नावं इतकी, की तहानलेल्या पोराला नळ शोधावा लागतो. पण विनाअट देणगीची परंपरा याहून जुनी आहे आणि तिची नोंद कुठेही नाही. ग्रंथालयाची आणि प्रयोगशाळेची अनामत रक्कम आठवते? शिक्षण संपलं की ती परत न्यायची असते. त्यासाठी मूळ पावती लागते, ग्रंथपालांची सही, प्रयोगशाळेची सही, जिमखान्याची सही लागते, आणि क्लार्क जेवायला गेलेले नसावे लागतात. असा योग क्वचित येतो. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या पोरं ती रक्कम तिथेच सोडून जातात, आणि ठरावीक मुदतीनंतर ती संस्थेची होते. कुणाचा फोटो नाही, शाल नाही, नारळ नाही. एका सत्कारमूर्तींकडे प्राचार्यांनी हळूच सभागृहाच्या छताचा विषय काढला, तेव्हा ते म्हणाले, “सर, सुरुवात माझ्या अनामत रकमेपासून करा, व्याजासकट.” प्राचार्य हसले, पण पुढचं छत त्यांनी बिल्डरसाहेबांच्या दिशेनं वळवलं.

सेवेचा पुरस्कार शेवटी असतो आणि तोवर वेळ संपलेली असते. ‘वेळेअभावी’ हा शब्द आपल्याकडे समाजसेवकांसाठी राखून ठेवला आहे. मी पाहिलेल्या त्या सोहळ्यात तो मान एका बाईंचा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तीही डोंगरातल्या वाडीवर. परिचय तीन ओळींचा, त्यातली एक पत्त्याची. शाल घेतली, घडी करून काखेत धरली आणि दोन मिनिटांत म्हणाल्या, “मी कुठल्या बाकावर बसायचे ते आठवत नाही. पण माझ्या वाडीतली काही मुलं या वर्षी तुमच्याकडे आली आहेत. मुलींच्या वसतिगृहाला रात्री दिवा नसतो. तेवढं बघा.” आणि जाऊन बसल्या.

मंचावर एकदम शांतता. असं होत नसतं. माजी विद्यार्थ्यांनी द्यायचं असतं, मागायचं नसतं. उलट मागणी झाली तर ती नॅकच्या कुठल्या रकान्यात घालायची? संस्थाचालकांनी सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी प्राचार्यांकडे, प्राचार्यांनी मॅडमकडे, आणि मॅडमनी प्रसंगावधान राखून आभारप्रदर्शनाची घोषणा केली. आभार मंडपवाल्याचे झाले, ध्वनिक्षेपकवाल्याचे झाले, ज्ञात-अज्ञातांचे झाले. सूत्रसंचालिकेचं नाव राहिलं. फलकावर आहेच म्हणा.

पण त्या बाईंना नियम ठाऊक नव्हता असं नव्हे. त्या जुन्या नियमानं चालत होत्या. महाविद्यालय आपलं आहे म्हणजे त्याला जाब विचारता येतो, असा तो नियम. आणि याचा सर्वांत मोठा दाखला पुण्यातच आहे.

डेक्कन कॉलेज १८२१ चं. पेशवाई संपून तीनच वर्षं झाली होती तेव्हाचं. येरवड्याची त्याची इमारत उभी राहिली त्यात सर जमशेटजी जीजीभाईंची मोठी देणगी होती. १९३४ साली सरकारनं हे कॉलेज बंद केलं. आता आपण असतो तर काय केलं असतं? ग्रुपवर रडका चेहरा टाकला असता आणि फाटकासमोर जाऊन सेल्फी घेतला असता. तिथल्या माजी विद्यार्थ्यांनी सरकारवर दावा लावला. सरकार इंग्रजांचं, कोर्ट इंग्रजांचं, कॉलेजही एका अर्थी इंग्रजांचंच. आणि ही मंडळी भांडत होती, की तुम्हाला ते असं बंद करता येणार नाही. भांडत राहिली. १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. मग तिथे पुरातत्त्वाला ह. धी. सांकलिया आले, समाजशास्त्राला इरावती कर्वे आल्या, आणि बंद पडलेल्या कॉलेजचं नाव जगभर गेलं.

या माजी विद्यार्थ्यांना सत्काराची एकच अडचण होती. पाच वर्षं सत्कार करायला कॉलेजच जागेवर नव्हतं. शाल कोण घालणार आणि समई कुठे ठेवणार? कर्तृत्व ऐन भरात असताना यजमान संस्थेला टाळं, अशी वेळ दुसऱ्या कुठल्या सत्कारमूर्तींवर आली नसेल.

म्हणून पुढच्या वर्षी प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोहे आले, की निवडीचा फॉर्म एका प्रश्नाचा करावा असं मी सुचवतो. परिचय नको, कात्रणं नकोत, हलाखीचं बालपण तर मुळीच नको. उद्या सरकारनं आपल्या फाटकाला कुलूप लावलं, तर कोर्टाची पायरी कोण कोण चढेल, एवढंच विचारावं. उत्तरं शिपाईमामांकडून घ्यावीत, त्यांचा अंदाज चुकत नाही. यादी बहुधा आखूड निघेल आणि तिच्यात पाच लाखांच्या पायरीवरचं कुणी नसेलही. पण मग शालीही कमी लागतील, आणि त्या वाचलेल्या पैशांत मुलींच्या वसतिगृहाला दिवा बसेल. तो पैसा नॅकच्या कुठल्या रकान्यात घालायचा, ते मॅडमना विचारा. मात्र तो तास धरा आणि त्याचं मानधन द्या.